आखाजीच्या आधीचा अंक

आमच्या त्रैमासिकात वर्षानुवर्षं एकही निदान चुकलं नव्हतं. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतले डॉक्टर मिळून ते चालवतात. त्यात लेख लिहिणारा डॉक्टर पहिल्या परिच्छेदात रोग ओळखतो, दुसऱ्यात उपचार करतो आणि तिसऱ्यात पेशंट हसत घरी जातो. मी या त्रैमासिकाची संपादक. पेशाने पॅथॉलॉजिस्ट असल्यामुळे माणसं मला काचपट्टीवरच जास्त भेटतात, आणि काचपट्टीवर इतकं सुरळीत काही नसतं. त्यामुळे या सगळ्या दिग्विजयांची मुद्रितं तपासताना माझ्या कपाळावर आठ्या असतात, असं माझ्या लॅबमधले लोक म्हणतात. खरं आहे ते.

दर जानेवारीत आमची वार्षिक सभा होते, एका वर्षी जळगावकडे, एका वर्षी धुळ्याकडे. सभा हे नुसतं नाव. खरा कार्यक्रम कुणाच्या तरी शेतातल्या भरिताचा. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, ती बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर घाम येईस्तोवर खायची. वांगी भाजून होईपर्यंतचा जो रिकामा वेळ, तो संपादकाच्या वाट्याचा. त्यात मी ‘वर्षभराची वाटचाल आणि पुढील दिशा’ वाचते. वाटचालीत किती लेख आले ते सांगायचं, आणि पुढील दिशा दरवर्षी एकच: अंक अधिक दर्जेदार करण्याचा मानस आहे. धुराने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं असतं, त्यामुळे भाषण हृदयस्पर्शी झाल्यासारखं दिसतं.

गेल्या वर्षी मात्र माझं डोकं फिरलं. एका लेखात पेशंट तपासणीच्या खोलीत शिरण्याआधीच डॉक्टरांनी रोग ओळखला होता. मी तो लेख परत पाठवला आणि पुढच्या अंकात एक चौकट टाकली. ‘न जमलेलं’ अशा अर्थाचा तिला इंग्रजी मथळा दिला, आणि खाली लिहिलं की चुकलेलं निदान, उशिरा लक्षात आलेला आजार, हातून निसटलेली खूण, यांवर लिहून पाठवा.

लेख एकही आला नाही. फोन मात्र आला, आमच्या धुळ्याच्या चिटणीसांचा. ते उत्तम सर्जन आहेत, आणि घराणं दोंडाईच्याचं, धान्याच्या पेढीवालं. ते म्हणाले, “मॅडम, दुकानाच्या पाटीवर ‘आमचा माल कधीकधी किडका निघतो’ असं कुणी लिहितं का?”

मी म्हटलं, “लिहिलं तर त्याच दुकानातून मी माल घेईन.”

“तुम्ही घ्याल. बाकीचे समोरच्याकडे जातील,” ते म्हणाले. माणूस चोख बोलतो, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी नाना माझ्या लॅबमध्ये आले. नाना म्हणजे चोपड्याचे जुने फिजिशियन आणि आमच्या संपादक मंडळाचे अध्यक्ष. निम्मा तालुका त्यांना नाना म्हणतो आणि उरलेला निम्मा त्यांनी सांगितलेलं पथ्य पाळत नाही म्हणून त्यांना चुकवून चालतो. ते फोन न करता कधी येत नाहीत. आले, बसले, पाणी प्यायले आणि पिशवीतून टाइप केलेला लेख काढून माझ्यापुढे ठेवला. “तुझ्या चौकटीसाठी,” म्हणाले.

लेख केळीच्या पट्ट्यातल्या एका बाईवर होता. ती चोपड्याजवळच्या एका गावातली. नवऱ्याच्या बरोबरीने केळीत राबणारी, साऱ्या गावाची अक्का. वयाने नानांहून बरीच लहान, पण गाव म्हणतं म्हणून नानाही तिला अक्काच म्हणतात. ती त्यांच्याकडे थकव्यासाठी यायची. वजन उतरत होतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि तळहात काळे पडत चालले होते. बोटांची पेरं काळी, हातावरच्या रेषा तर कुणी शाईने ओढल्यासारख्या.

आता आमच्याकडे केळीत काम करणाऱ्याचे हात काळे असणं ही काय सांगायची गोष्ट आहे? केळीचा चीक लागला की कपडा बाद होतो, हातावरही तो डाग दिवसेंदिवस राहतो. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरने ते हात पाहिले असते तर तो दचकला असता. नाना केळीच्या बागेतच लहानाचे मोठे झाले, म्हणून ते दचकले नाहीत. त्यांनी हात बघितले, मनातल्या मनात ‘चीक’ म्हटलं आणि रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. प्रत्येक वेळी हेच.

मग एकदा ती त्यांच्या दवाखान्यातच कोसळली. नाडी हाताला लागेना. नानांनी सलाइन लावलं, स्वतःच्या गाडीत घातलं आणि धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे शिकाऊ डॉक्टर पोरगी होती, सोलापूरकडची, ज्वारीच्या मुलखातली. तिने हात पाहिले आणि विचारलं, हे काय? नाना म्हणाले, केळीचा चीक. ती अक्काला म्हणाली, “आ करा.” अक्काच्या हिरड्या काळ्या होत्या. पोरगी नानांना अगदी अदबीने म्हणाली, “सर, हिरड्यांना चीक नाही ना लागत?”

मूत्रपिंडावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. अक्काच्या त्या ग्रंथी काम करेनाशा झाल्या होत्या. या आजारात थकवा येतो, रक्तदाब उतरतो, मीठ खावंसं वाटतं आणि कातडी काळी पडते. ओळखला तर रोज गोळी घेऊन माणूस अगदी धडधाकट जगतो. ओळखला नाही तर एखाद्या साध्या तापात जातो. अक्का धुळ्याहून बरी होऊन आली.

मी लेख वाचून मान वर केली. नाना खिडकीबाहेर बघत होते. मला इतका आनंद झाला होता की तो लपवताना नाकी नऊ आले. लेख चांगला होता म्हणून नव्हे. आमच्या अंकात अखेर एक माणूस चुकला होता, आणि तो आमच्यातला सगळ्यात मोठा माणूस होता.

जानेवारीची सभा जळगावकडे होती. वांगी भाजत असताना मी वाटचाल वाचली, आणि पुढील दिशेच्या जागी सांगून टाकलं की यापुढे प्रत्येक अंकात एक तरी चूक छापली जाईल, सुरुवात नानांच्या लेखाने. मग चिटणीस उठले. नानांचं नाव दोन जिल्ह्यांत किती मोठं आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, “छापायचंच असेल तर नियमाने छापा. पेशंटची लेखी संमती घ्या. नुसती सही नको, काय छापणार ते सगळं समजावून सांगून घ्या.”

नियम बरोबर होता. नानांचा पुरीचा घास हातातच राहिला, हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नसावं.

परतताना मी त्यांना विचारलं, “तिला माहीत नाही?”

“तिला वाटतं, मी तिला वाचवलं,” नाना म्हणाले. “धुळ्याला नेलं ना मी. गावभर तेच सांगत असते.”

मग त्यांनी आखाजीचं सांगितलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकीबाळींचा सण. सासरी गेलेली बाई त्या दिवशी माहेरी येते, आमरस-पुरणपोळी खाते, कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणते. अक्काच्या माहेरी आता कुणी उरलं नाही. धुळ्याहून ती परतली त्या वर्षी आखाजीला ती दारात बसून दुसऱ्यांच्या माहेरवाशिणी जाताना बघत होती, हे नानांना कुणीतरी सांगितलं. त्यांना सख्खी बहीण नाही. त्यांनी गाडी पाठवली. तेव्हापासून अक्काचं माहेर नानांच्या घरी. ती येते, त्यांच्या अंगणातल्या झोक्यावर बसते आणि गाण्यात त्यांचं नाव घालते. घरातली सुनामुलं नानांना चिडवतात, पण आखाजी जवळ आली की नाना स्वतः उभं राहून झोक्याचे दोर तपासतात.

“सांगितलं तर येणार नाही ती,” ते म्हणाले.

“मग राहू द्या नाना. लेख नाही छापला तरी अंक निघेल.”

“अंक निघेल गं. पण पुढच्या आखाजीला ती झोक्यावर बसून माझं गाणं म्हणेल, ते मी कोणत्या तोंडाने ऐकू?”

फेब्रुवारीत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. अक्काने ओट्यावर सतरंजी घातली, चहा केला, माझी चौकशी केली. तिचे हात आता स्वच्छ होते, म्हणजे केळीत राबणाऱ्या कुणाचेही असतात तसे, थोडा चीक असलेले. नानांना सुरुवात करता येईना. ते पाऊसपाण्यावर बोलले, केळीच्या भावावर बोलले, माझ्या लॅबबद्दल बोलले. मी कपाळाला आठ्या घातल्या. मग ते एकदम म्हणाले, “अक्का, तुना हात काया पडनात ना, ते मी दखत व्हतू. माले वाटनं, चीक शे. तो रोग व्हता. मना ध्यानमां उना नई. धुळानी पोरना ध्यानमां उना.”

अक्काचा हात बशीवर थांबला.

“म्हन्जे मी मरी जातू ते?”

“हां,” नाना म्हणाले.

“आनि मी बठ्ठा गावले सांगी ऱ्हायनू, नानानी माले वाचाडं.”

ती उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, आणि तो भांडी घासण्याचा नव्हता, आदळण्याचा होता. मला वाटलं, संपलं. लेख गेला, माझी पुढील दिशा गेली, नानांचा झोका गेला. नाना आपल्या चपलांकडे बघत बसले होते. एवढ्या मोठ्या माणसाला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ती बाहेर आली ती डोळे पुसून. माझ्याकडे हात पुढे केला. “काय लिखेल शे, दाखाडा.”

मी लेख दिला. तिने पान वर-खाली केलं. अक्का शाळेत शिकलेली आहे, पेपर वाचते. “हाई ते इंग्रजी शे,” ती म्हणाली. “हात मना, तोंड मनं, दुखनं मनं, आनि मालेच वाचता येवाव नई? मराठीमां आना. मंग दखसू सहीनं.”

आजवर आमच्या अंकात मराठीचं एक अक्षर छापलेलं नव्हतं. मराठीत छापलं की शास्त्र पातळ होतं, असा आमच्यातल्या पुष्कळांचा समज. पण आता इलाज नव्हता. मी आणि नाना माझ्या लॅबच्या मागच्या खोलीत मराठी करायला बसलो. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, ‘रुग्णेस अशक्तता जाणवत असे.’ मी खोडलं. म्हटलं, नाना, अक्का स्वतःला रुग्णेस म्हणते का? ते चिडले. चहा मागवला. मग लिहिलं, ‘ती दमायची. कैरी बाजूला ठेवून नुसतं मीठ चाटायची.’ जमलं.

पण पुढे गाडी अडली. इंग्रजी लेखात लिहिलं होतं की हातांच्या काळेपणाचा संबंध सुरुवातीस कामाशी जोडला गेला. इंग्रजीत ते झोकात दिसत होतं. तो कुणी जोडला, हे त्यात शोधूनही सापडत नव्हतं. नानांनी मराठीत दोनदा लिहिलं, दोनदा कागद चुरगाळला. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘मी हात बघितले. चीक आहे असं मीच ठरवलं. तिला विचारलंच नाही.’ पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “हा खरा लेख झाला बघ. आधीचा नुसता टाइप केलेला होता.”

तो मराठी मजकूर अक्काने ओट्यावर बसून मोठ्याने वाचला, ओळीखाली बोट धरून. ‘विचारलंच नाही’ इथे ती थांबली. तेवढंच पुन्हा वाचलं. मग पेन मागितलं आणि सही केली. एक अट मात्र घातली: हाच मजकूर छापायचा, त्यात एक शब्द बदलायचा नाही. मी वचन दिलं. आम्ही उठलो तशी ती म्हणाली, “चहा पिईसन जा, डॉक्टरसाहेब.”

गाडी वेशीच्या बाहेर आल्यावर नाना म्हणाले, “डॉक्टरसाहेब म्हणाली.”

ऐकलं होतं मीही.

मराठी पानावरून चिटणीसांशी फोनवर जुंपायचं ते जुंपलंच. पुढच्या फोनसाठी मी कंबर कसून बसले होते. मजकूर वाचायला मी तो त्यांच्याकडे पाठवला होता, आणि ते तो घरी घेऊन गेले होते. त्यांच्या आईने वाचला. म्हातारीने आयुष्यात पहिल्यांदा मुलाच्या त्रैमासिकातलं काही वाचलं, आणि वाचून मुलाला विचारलं, “तू विचारतोस का रे पेशंटला?” चिटणीस मला म्हणाले, “मॅडम, छापा. आणि पुढच्या अंकापासून प्रत्येक केसला मराठी पान ठेवा, आधी पेशंटला वाचून दाखवून. पण मग प्रती जास्त छापाव्या लागतील, ते ध्यानात घ्या.” पेढीवाल्यांचं घर ते. पुढील दिशा अशी ठरली, भरिताशिवाय.

अंक आखाजीच्या तोंडावर छापून आला. नानांच्या लेखाच्या पानावर अक्काच्या हातांचा धुळ्याला काढलेला जुना फोटो होता. पहिली प्रत नाना स्वतः तिच्या घरी देऊन आले. तिने ती डोक्याला लावून आत ठेवली. “आखाजीले गाडी धाडू ना?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “दखसू,” म्हणजे बघू.

आखाजीच्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. एकट्याने वाट बघायची नव्हती, असा माझा अंदाज. सकाळी गाडी गेली आणि रिकामी परत आली. ड्रायव्हर म्हणाला, अक्का घरी नव्हती, गावात कुठेतरी गेली होती. लिंबाला झोका बांधलेला होता, दोर तपासलेले होते. शेजारच्या पोरी त्यावर बसायला आल्या, तर नानांनी त्यांना “थोड्या वेळाने” म्हणून परत पाठवलं. पानं वाढली. नानांनी आमरसाची वाटी नुसती फिरवली. महिनाभरात ते वाळले होते, सदरा खांद्यावरून उतरत होता. मला त्या अंकाचा, चौकटीचा, माझ्या फिरलेल्या डोक्याचा मनापासून राग आला.

दुपार कलल्यावर फाटकापाशी मोटरसायकल थांबली. मागे अक्का होती, नवं लुगडं नेसलेली, कडेला पाटी. पाटीत सांजोऱ्या आणि त्यांच्यावर आमचा अंक, चार ठिकाणी घड्या पडलेला, पार गावभर हिंडून आलेला. नाना उठायच्या आत तिने बोलायला सुरुवात केलीसुद्धा. सकाळपासून ती घरोघर अंक वाचून दाखवत फिरत होती. साऱ्या बायकांना रांगेत बसवून तिने आ करायला लावलं होतं.

“बठ्ठासन्या हिरड्या लाल शेत,” ती मला म्हणाली. “मनी जाऊन्या तेवढ्या काया. मी म्हनं, मिसरी घासनं सोड आधी, मंग रोगनं दखसूत.”

मी हसले. हसता हसता माझे डोळे भरून आले आणि या वेळी धूर नव्हता.

नाना मात्र उभेच होते, जेवणाचा हात तसाच. अक्काने पाटी खाली ठेवली, त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या ढगळ झालेल्या सदऱ्याकडे, उतरलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कपाळाला तिने आठ्या घातल्या, थेट माझ्यासारख्या.

“किती वाळी गयात,” ती म्हणाली. “कोनी इचारं का तुमले, काय व्हस?”

नानांनी मान हलवली. नाही.

“आ करा बरं, नाना.”

आणि दोन जिल्ह्यांतल्या त्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरने भर अंगणात, सुनामुलांच्या देखत, आ केला. अक्काने त्यांची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, नीट पाहिलं आणि म्हणाली, “काही नई तुमले. जेवा आते.”

मग ती जाऊन झोक्यावर बसली.